सशाला जोडीदार हवा आहे का? दुसरा ससा आणण्याआधी करायची तपासणी

रात्री दोन-अडीचच्या सुमारास घर सामसूम झाले की पिंजऱ्याची जाळी दातांनी ओढल्याचा खडखडाट सुरू होतो. उठून दिवा लावावा तर तो थांबतो आणि ससा नाक हलवत आपल्याकडे पाहत बसतो; दिवा मालवला की पुन्हा तेच. अशा चार-पाच रात्री गेल्या की घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘बिचारा एकटा पडलाय, त्याला जोडी आणून द्या.’ आमच्याकडे हे सासूबाई म्हणाल्या होत्या आणि ते आम्हा सर्वांना इतके पटले की पुढच्याच रविवारी दुसरा ससा घरात आला. त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत जे घडले त्यावरून, आणि पुढे ओळखीच्या बऱ्याच घरांतून हीच तक्रार ऐकल्यावर, माझे एक मत पक्के झाले आहे: बहुतेक पाळीव सशांना जोडीदार हवा असतो, परंतु ज्या लक्षणांवरून आपण तो आणायला निघतो ती लक्षणे पुष्कळदा वेगळ्याच कारणाची असतात. त्यामुळे दुसरा ससा आला तरी खडखडाट थांबत नाही, आणि घरात दोन ससे, दोन पिंजरे आणि एक कायमचे भांडण होऊन बसते.

खाली दिलेल्या तपासणीचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे. जोडीदार ही त्यातली शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

ससा म्हणजे कोणता ससा

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या प्राण्यांना वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. शेताच्या बांधावरून पळणारा रानससा बिळे खणत नाही. तो गवतातल्या खळग्यात दबून बसतो, एकटा राहतो आणि त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे तो संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे तो पकडून घरात ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. आपण पाळतो तो ससा मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळे खणून टोळीने राहणाऱ्या जातीचा वंशज आहे. त्याची पिल्ले उघडी-नागडी जन्मतात, सुमारे दहा दिवसांनी डोळे उघडतात आणि पहिल्या दिवसापासून एकमेकांना चिकटून वाढतात. गावाकडची वडीलधारी माणसे ‘सशाला कसली आली सोबत’ असे म्हणतात तेव्हा त्यांचे निरीक्षण खोटे नसते. ते फक्त दुसऱ्या प्राण्याचे असते. टोळीतल्या सशाला सोबत म्हणजे करमणूक नव्हे. धोक्याची चाहूल लागली की मागचा पाय जमिनीवर आपटणारा दुसरा कोणीतरी जवळ आहे, या भरवशावर तो डोळे मिटून झोपू शकतो. ब्रिटनमधील आरएसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था ससा एकटा न ठेवता त्याच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या सशासोबत ठेवावा असा सल्ला देते, त्यामागेही हाच विचार आहे.

एवढे मान्य केल्यावर मूळ तक्रारीकडे वळू.

एकटेपणासारखी दिसणारी इतर कारणे

पहिला संशय पिंजऱ्यावर घ्यावा. ससा भर दुपारी आणि मध्यरात्रीनंतर काही वेळ निवांत असतो. त्याचा खरा हुरूप तिन्हीसांजेला आणि पहाटे असतो. आपल्या घरांत नेमक्या संध्याकाळी त्याला तासभर बाहेर काढले जाते, सगळे त्याच्याभोवती जमतात, आणि दहा वाजता दार बंद होते ते सकाळी आठला उघडते. बाजारात सशाचा म्हणून मिळणारा पिंजरा बहुधा दोन-अडीच फूट लांबीचा असतो, आणि त्यात मोठा ससा तीन उड्यासुद्धा सलग मारू शकत नाही. ब्रिटनमध्ये दोन सशांसाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सुचवली जाते. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत एवढी जागा म्हणजे एक खोलीच झाली, हे मला मान्य आहे. पण पिंजऱ्याचे दार कायम उघडे ठेवून त्याच्याभोवती घडीचे जाळीदार कुंपण उभारले, किंवा बाल्कनीला खालपासून बारीक जाळी लावून आणि विजेच्या तारा उचलून ती मोकळी करून दिली, तरी बराच फरक पडतो. याची परीक्षा सोपी आहे. दहा दिवस ससा पहाटे आणि रात्री मोकळा राहील अशी व्यवस्था करावी. या दहा दिवसांत जाळीचा आवाज थांबला, तर त्याला सोबत नव्हे, दार उघडे हवे होते.

दुसरा संशय चाऱ्यावर. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला दिवसाचे कित्येक तास तंतुमय गवत चघळावे लागते. आपल्याकडे मात्र सशाचे जेवण म्हणजे गाजर, कोबीची पाने, मूठभर खाद्यगोळ्या आणि वर मुलांनी दिलेले बिस्किट. अशा सशाचे पोट भरते, तोंड मात्र रिकामे राहते, आणि मग तो जाळी, चटई, चार्जरची तार, प्लायवुडचा कोपरा असे जे सापडेल ते कुरतडतो. रोज सशाच्या आकाराएवढा सुक्या गवताचा ढीग त्याच्यासमोर असलाच पाहिजे. परदेशी टिमोथी गवत महाग पडते. ते परवडत नसेल तर फवारणी न केलेल्या जागेची हराळी स्वच्छ धुऊन व वाळवून चालते. लसूणघास सहज मिळते म्हणून मोठ्या सशाला रोज घालू नये, कारण तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असतात. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ती चालते. चारा बदलताना मात्र आठवड्याभरात हळूहळू बदलावा, नाहीतर पोट बिघडून तिसराच प्रश्न उभा राहतो.

तिसरा संशय दुखण्यावर, आणि इथे वेळ घालवू नये. कोपऱ्यात पाठ गोल करून बसणे, डोळे अर्धवट मिटणे, दात करकर वाजवणे, हनुवटी ओली राहणे, लेंड्या लहान होणे किंवा बंद होणे ही उदासीची लक्षणे समजून कोणी सोबत शोधत बसले, तर ससा हातचा जातो. सशाचे आतडे थांबणे ही तातडीची वेळ असते. दहा-बारा तास त्याने काहीच खाल्ले नसेल तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे. कानांच्या आत पिवळसर खपल्या आणि सतत मान झटकणे असेल तर ती कानातली खरूज असते. ती औषधाने बरी होते, परंतु कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे थेंब सशाला कधीही लावू नयेत. पेनिसिलिन गटातली औषधे तोंडावाटे देणेही सशाच्या जिवावर बेतते, कारण त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू त्यामुळे मरतात. पशुवैद्य मुख्यतः गाई-म्हशींचे किंवा कुत्र्या-मांजरांचे काम करणारे असतील तर आपणच हे नम्रपणे विचारून घेतलेले बरे.

उन्हाळ्यात आणखी एक कारण जोडावे. पारा तिशीच्या वर गेला की ससा फरशीवर पसरून पडतो, खेळत नाही, खात नाही, आणि घरातल्यांना तो हिरमुसलेला वाटतो. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. विदर्भात मे महिन्यात कूलर किंवा ओले गोणपाट नसेल तर त्याच्या मनःस्थितीची चर्चा करण्यात अर्थ नाही. कापडात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली शेजारी ठेवावी. तिला टेकून बसणारा ससा मी अनेक दुपारी पाहिला आहे.

चौथे कारण शरीरातल्या संप्रेरकांचे. आम्ही फसलो ते इथेच.

भुरीने केस उपटले तेव्हा

आमची पहिली मादी करड्या रंगाची, म्हणून तिचे नाव भुरी. सात महिन्यांची असताना एका सकाळी तिच्या तोंडात मिशांसारखा केसांचा झुपका दिसला. छातीचे आणि पोटाचे केस ती स्वतःच उपटत होती आणि पिंजऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात गवतात मिसळून त्यांचा गोल रचत होती. हात घातला की गुरगुरून अंगावर येत होती, आणि रात्री जाळी तर चालूच. एकटेपणाने वेडी झाली, असेच आम्हा सर्वांना वाटले. प्रत्यक्षात ती खोटी गर्भावस्था होती. वयात आलेल्या, नसबंदीची शस्त्रक्रिया न झालेल्या मादीला नर जवळ नसतानाही ती येऊ शकते, सोळा-अठरा दिवस टिकते आणि आपोआप ओसरते. त्या काळात तिने रचलेले घरटे मोडू नये एवढेच पथ्य असते. वयात आलेला नर पायांभोवती गोल फिरतो, भिंतीवर मूत्र उडवतो, हातावर किंवा चपलेवर चढतो, तेव्हाही घरचे तोच निष्कर्ष काढतात. वास्तविक चार ते सहा महिन्यांच्या वयात सुरू झालेला असा कोणताही नवा उपद्रव आधी संप्रेरकांच्या खात्यावर मांडावा.

तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हते. आम्ही ज्या दुकानातून ढवळ्या आणला तिथे तो तीन महिन्यांची मादी म्हणून दिला गेला होता, आणि दोन माद्या असल्याने काही भानगड होणार नाही अशी खात्रीही देण्यात आली होती. दुकानदाराला सगळा दोष देणेही बरोबर नाही. सशाच्या नराची अंडकोषे दहा-बारा आठवड्यांपर्यंत खाली उतरलेली नसतात, आणि मोठा नरसुद्धा घाबरला की ती पोटात ओढून घेऊ शकतो. त्यामुळे हातात उचलून वरवर पाहणाऱ्याची फसगत होते. आम्ही एवढेच पाहिले की दोघे एकाच ताटलीतून खात आहेत, आणि खूश झालो. महिना-सव्वा महिन्याने ढवळ्या भुरीची पाठ सोडेना. त्यानंतर नेमक्या एकतिसाव्या दिवशी भुरीने पुन्हा केस उपटले. आम्ही शहाण्यासारखी मान हलवून ‘खोटी गर्भावस्था’ असे ठरवून मोकळे झालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरट्यातले केस आपोआप वरखाली होताना दिसले. आत अंगठ्याएवढी गुलाबी सहा पिल्ले होती. ढवळ्याला आम्ही त्याच सकाळी वेगळे केले. पण सशाची मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते हे कळायला आम्हाला आणखी एक महिना लागला. दुसऱ्या खेपेला पाच.

अकरा पिल्लांना चांगली घरे शोधण्याचे काम ज्याने केले आहे तो ‘आधी आणू, नसबंदीचे पुढे बघू’ असे पुन्हा म्हणत नाही.

सोबत खरोखरच कमी पडते आहे हे कशावरून ओळखावे

जागा, चारा, प्रकृती, उन्हाळा आणि संप्रेरके ही सगळी खाती तपासून झाल्यावर महिनाभर सशाकडे नुसते पाहावे. आवाज करणारा ससा एकटा असतो आणि गप्प बसणारा सुखी असतो हा समज मला उलटा वाटतो. जाळी ओढणाऱ्या सशाला अजून काहीतरी हवे आहे; मनापासून एकटा पडलेला ससा हवे असणेच सोडून देतो. मोकळे सोडले तरी तो ठरलेल्या कोपऱ्यातून उठत नाही, हवेत उडी मारून अंगाला पीळ देण्याचा सशांचा तो खास आनंद त्याच्याकडून दिसत नाही, जराशा आवाजाने दचकतो आणि बराच वेळ ताठ बसून राहतो. काही ससे याच्या उलट माणसाला सोडत नाहीत: पायाशी येऊन डोके खाली घालतात, हात लागला की पाच-दहा मिनिटे तो चाटत राहतात, आपण खोलीतून गेलो की दाराशी बसतात. हे आपल्याला गोड वाटते, आणि ते प्रेम आहेही. पण ससा दुसऱ्या सशाच्या डोळ्यांभोवती आणि कानांमागे जे करतो तेच तो आपल्या हाताला करत असतो, आणि परतफेडीची वाट पाहत असतो. ती परतफेड पहाटे पाच वाजता करायला आपण जागे नसतो.

माझ्या मते कसोटी सशाच्या वागण्यापेक्षा घराच्या वेळापत्रकावर लावावी. घरात दिवसभर कोणीतरी असते, ससा मोकळा वावरतो, आणि कोणीतरी रोज दोन-तीन तास जमिनीवर त्याच्या पातळीला बसते, असे असेल तर एकटा ससाही बरा राहू शकतो. सकाळी नऊला कुलूप आणि संध्याकाळी सातला उघडणे असा प्रकार असेल, तर लक्षणे दिसोत न दिसोत, सशाला जोडीदार हवा असे धरून चालावे. गिनिपिग हा त्यावर तोडगा नव्हे. दोघांची भाषा वेगळी, गिनिपिगला आहारातून क जीवनसत्त्व लागते ते सशाला लागत नाही, सशाची एक लाथ त्याला पुरते, आणि सशाच्या श्वासमार्गात निरुपद्रवी राहणारे काही जंतू गिनिपिगला न्युमोनिया देतात. आरसा आणि कापडी बाहुली यांनी काही दिवस निभावते, यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

काही वेळा मात्र उत्तर सरळ ‘नको’ असते. दोघांची शस्त्रक्रिया करणारा अनुभवी पशुवैद्य आवाक्यात नसेल, दोन वेगळे पिंजरे काही महिने मांडण्याइतकी जागा नसेल, बदलीची नोकरी असेल, किंवा ससा आजारी व दुबळा असेल, तर आहे त्याच सशाला अधिक वेळ द्यावा. नीट ठेवलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो. आज दुसरीत असलेल्या मुलासाठी आणलेला ससा त्याच्या महाविद्यालयाच्या प्रवेशापर्यंत घरात असू शकतो, आणि दोन असतील तर खर्चही दुप्पट. मूल ‘मी सांभाळीन’ म्हणते तेव्हा हा हिशेब मोठ्यांनी करायचा असतो.

जोडी कोणती आणि केव्हा

नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी ही जोडी सर्वांत सहज जुळते. दोन नर किंवा दोन माद्याही राहतात, विशेषतः एकाच वेताची भावंडे असतील तर. पण शस्त्रक्रिया झाली नाही तर वयात येताच, काल एकमेकांवर मान टाकून झोपणारी भावंडे आज एकमेकांचे केस काढतात. नराची शस्त्रक्रिया सुमारे चार महिन्यांनंतर आणि मादीची पाच-सहा महिन्यांनंतर करता येते. मादीच्या बाबतीत शस्त्रक्रियेला आणखी एक कारण आहे: शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांत वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका झपाट्याने वाढतो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचे नसते, कारण ससा ओकूच शकत नाही आणि उपासाने त्याचे आतडे मात्र थांबते. ‘आदल्या रात्रीपासून काही देऊ नका’ असे कोणी सांगितले, तर त्या ठिकाणी सशांच्या किती शस्त्रक्रिया झाल्या आहेत हे विचारून पाहावे.

नराची नसबंदी झाली म्हणजे तो त्या दिवसापासून निरुपद्रवी झाला असे नाही. चार ते सहा आठवडे तो पिल्ले देऊ शकतो. आम्ही सहा आठवडे कॅलेंडरवर खुणा करून काढले. अकरा पिल्लांनंतर एक दिवस कमी करण्याची कोणाची छाती नव्हती. भुरीची शस्त्रक्रिया दुसऱ्या वेताच्या पिल्लांचे दूध तुटल्यानंतर झाली.

नवा ससा येणार असेल तर तो प्रथम किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा, कान आणि त्वचा तपासून घ्यावी, लिंग पशुवैद्याकडून पक्के करून घ्यावे, आणि त्याच्याकडून आपल्या सशाकडे जाताना हात धुवावेत. कोणी सोडून दिलेला, आधीच शस्त्रक्रिया झालेला मोठा ससा मिळत असेल तर पिल्लापेक्षा तो मला अधिक चांगला वाटतो, कारण त्याचा स्वभाव काय आहे ते आधीच दिसते.

ओळख करून देताना

दोन ससे एका पिंजऱ्यात सोडून ‘भांडतील आणि गप्प बसतील’ असे म्हणणे हा सर्वांत महाग पडणारा प्रयोग आहे. ससे गप्प बसत नाहीत. त्यांचे भांडण काही सेकंदांत होते, आणि त्यात कान फाटतो, पोटाची त्वचा उलगडते, क्वचित गुप्तांगाला चावा बसतो. शिवाय ते लक्षात ठेवतात, आणि मग त्यांना जुळवायला महिने लागतात.

दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, मध्ये चार-पाच बोटांचे अंतर सोडावे, म्हणजे जाळीतून नाक चावता येणार नाही. दर दोन दिवसांनी दोघांच्या बसण्याच्या चादरी आणि मलमूत्राच्या ताटल्या बदलाव्यात, पुढे पिंजरेच अदलाबदल करावेत. जेवण दोघांना एकाच वेळी, मधल्या जाळीलगत द्यावे. सुरुवातीला ढवळ्याच्या चादरीवर भुरी आधी मागचा पाय आपटायची आणि मग मुद्दाम तिथेच लेंड्या टाकायची. दहाव्या-बाराव्या दिवशी ती त्याच चादरीवर कूस बदलून झोपलेली दिसली, तेव्हा आम्ही पुढच्या पायरीला हात घातला.

भेट नेहमी अशा जागी घडवावी जी दोघांचीही नाही. आम्ही न्हाणीघर निवडले. फरशीवर पाय घसरले की ससा घाबरतो, म्हणून जाड चटई अंथरली, बादल्या बाहेर काढल्या, मधोमध गवताचा ढीग ठेवला आणि मी हातांत जाडे मोजे घालून पाटावर बसले. पहिली भेट दहा मिनिटांची. एकाने दुसऱ्यावर चढणे, थोडा पाठलाग, एखादा केसांचा पुंजका उडणे हे चालते. त्यातून वरचढ कोण ते ठरते. मात्र चढणारा डोक्याच्या बाजूने चढला तर त्याला लगेच उचलून वळवावे, कारण खालच्याने चावा घेतला तर तो भलत्या जागी बसतो. कान मागे चिकटवून शेपूट ताठ झाली, किंवा दोघे एकमेकांच्या शेपटीमागे गरगर फिरू लागले, तर ती भांडणाची सुरुवात असते. मध्ये टॉवेल टाकून भेट तिथेच थांबवावी, उघडा हात घालू नये. भेट नेहमी शांत क्षणी संपवावी, मग ती तीन मिनिटांचीच का होईना.

चौथ्या भेटीत भुरीने ढवळ्यापुढे जाऊन डोके जमिनीला टेकवले. याचा अर्थ ‘मला चाट’. ढवळ्यानेही तेच केले. दोघे नाकाला नाक लावून, डोकी खाली घालून पाच-सहा मिनिटे तसेच बसले. आशीर्वाद मागणारे दोघे आणि देणारा कोणीच नाही. हे होते, आणि अशा वेळी कपाळावर किंचित केळे लावले तर कोंडी फुटते असे म्हणतात. आम्ही केळे लावले, ढवळ्याने ते चाटले, आणि भुरीने ते चाटणे स्वतःसाठीच होते असे समजून घेतले.

भेटीची वेळ रोज थोडी वाढवत तास-दोन तासांवर न्यावी. दोघे लागून झोपू लागले, एकमेकांचे कान चाटू लागले आणि एका ताटातून निवांत खाऊ लागले, असे सलग दोन-तीन दिवस दिसल्यावर एक पूर्ण रात्र त्यांच्याजवळ झोपून काढावी आणि मगच जागा एक करावी. ती जागाही आधी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून, सामान वेगळ्या रीतीने मांडून नवी करावी. पाण्याची भांडी, गवताचे ढीग आणि लपायच्या पेट्या दोन-दोन ठेवाव्यात. पेटीला दोन दारे असावीत, म्हणजे कोणी कोणाला कोंडून धरत नाही. कोणाचे चार दिवसांत जुळते, कोणाला तीन महिने लागतात. आम्हाला पाच आठवडे लागले. तीन महिन्यांच्या नेटाच्या प्रयत्नानंतरही रक्त निघत असेल तर ती जोडी नव्हे असे मान्य करून त्यांना शेजारी-शेजारी, मध्ये जाळी ठेवून राहू द्यावे. तशी सोबतही अगदीच वाया जात नाही.

जुळल्यानंतर

एक अडचण आधीच सांगून ठेवते: दोन ससे एकत्र राहू लागले की कोणी खाल्ले आणि कोणाच्या लेंड्या कमी झाल्या हे कळेनासे होते. म्हणून सकाळी दोघांना हाताने एकेक कोथिंबिरीची काडी द्यावी. जो ती घेत नाही त्याच्याकडे त्या दिवशी लक्ष ठेवावे. आमच्याकडे ढवळ्याचे पोट थांबल्याचे दोनदा या काडीवरूनच कळले.

जुळलेली जोडी शक्यतो एका दिवसासाठीही तोडू नये. चार दिवसांच्या विरहानंतर वेगळा वास घेऊन आलेल्या जोडीदाराला दुसरा ससा परका समजतो आणि पुन्हा न्हाणीघरापासून सुरुवात करावी लागते. म्हणून एकाला दवाखान्यात न्यायचे असेल तर दोघांना एकाच टोपलीत न्यावे आणि दाखल करावे लागले तर दुसऱ्यालाही तिथे राहू देता येईल का ते विचारावे. दोघांपैकी एक गेला तर मागे राहिलेल्याला त्याच्या देहाजवळ तास-दोन तास बसू द्यावे. तो हुंगतो, चाटतो, कधी त्यावर उडी मारतो आणि मग बाजूला होतो. देह न पाहिलेला ससा मात्र कित्येक दिवस प्रत्येक पेटीत डोके घालून शोधत राहतो. त्यानंतरचे दोन-तीन दिवस त्याचे खाणे-पिणे आणि लेंड्या यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते, कारण या दिवसांत आतडे थांबण्याची भीती सर्वांत जास्त असते. खाणे पूर्ववत झाले की तपासणी पुन्हा पहिल्या पायरीपासून करायची, आणि या वेळी फक्त एक मुद्दा अधिक असतो: हा ससा सोबतीत राहिलेला आहे.